मुष्टियुद्धाचा पहिला धडा : स्वतःचा बचाव

(विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेले भाषण)



बॉक्सिंग शिकायला आलेला नवा मुलगा पहिल्याच दिवशी विचारतो, "सर, ठोसा कसा मारायचा?" ठोसा चुकवायचा कसा, हे सहसा कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. सुरुवातीच्या एका सरावात मी डावा हात चालवताना उजवा हात छातीपर्यंत खाली आणला. समोरच्या मुलाने नेमकी तीच वेळ साधली. माझा जबडा चार दिवस दुखत होता. हात वर ठेवायला मला सांगितले होते. मीच ते मनावर घेतले नव्हते. म्हणून आज मी मारण्याविषयी नव्हे, तर मार चुकवण्याविषयी बोलणार आहे.

पहिली गोष्ट उभे राहण्याची. उजव्या हाताच्या मुलाने डावा पाय पुढे ठेवावा, उजवा पाय मागे आणि थोडा बाजूला. दोन्ही पाय एकाच रेषेत आले तर साध्या धक्क्यानेही तोल जातो. गुडघे सैल, मागची टाच किंचित उचललेली. डावखुऱ्यांनी हेच उलट करावे. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा पाय आधी हलवावा. पायात पाय कधीही अडकू देऊ नये. समोरच्याचा हात पोहोचणार नाही इतके, एक पाऊल मागे सरकणे, हा सर्वांत सोपा बचाव आहे.

दुसरी गोष्ट गार्डची. हनुवटी खाली, दात माउथगार्डवर मिटलेले, उजवी मूठ गालाजवळ, डावी मूठ त्याच उंचीवर थोडी पुढे, कोपरे बरगड्यांजवळ. हनुवटीला इतके जपायचे कशासाठी? जबड्यावर बसलेला ठोसा डोके झटक्याने फिरवतो आणि त्या झटक्याने कवटीतील मेंदू हादरतो. ठोसा मारल्यावर हात गेला त्याच वाटेने गालाजवळ परत आला पाहिजे. हात परत येईपर्यंत तो ठोसा पूर्ण झाला, असे समजू नये.

आता समोरून येणारा सरळ डावा ठोसा, म्हणजे जॅब. सर्वांत जास्त वेळा तोच येतो. त्याला तीन उत्तरे आहेत. एक, झेलणे : उजव्या ग्लोव्हचा तळवा हनुवटीसमोर धरून ठोसा त्यावर घ्यावा, त्यासाठी हात पुढे नेऊ नये. दोन, वळवणे : उजव्या हाताने ठोशाला आतल्या बाजूला हलकेच थोपटावे. चार बोटे सरकला तरी पुरे. जास्त झटकले तर आपलाच चेहरा उघडा पडतो. तीन, डोके सरकवणे : गुडघे थोडे वाकवून, खांदा वळवून डोके उजवीकडे न्यावे. ठोसा कानाजवळून निघून जावा, इतकेच. मान खाली घालून जमिनीकडे पाहू नये.

बाजूने हुक आला तर ग्लोव्ह कानाजवळ डोक्याला घट्ट टेकवावा. मधे फट राहिली तर आपलाच ग्लोव्ह आपल्या तोंडावर आपटतो. ठोसा पोटावर आला तर हात खाली नेऊ नये. धड किंचित वळवून तो कोपरावर घ्यावा. या साऱ्यात डोळे मिटायचे नाहीत. ही सवय जोडीदाराने सावकाश, आधी ठरवून टाकलेल्या जॅबवरच लागते. प्रथम तीन मिनिटे तेवढेच करावे.

काही मुले मुहम्मद अलींची नक्कल करून हात खाली सोडतात. अलींची ती लकब त्यांच्या विलक्षण चपळ पायांवर उभी होती. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे जॉर्ज फोरमन यांच्याविरुद्ध त्यांनी दोरांना टेकून, हात वर घेऊन मार सोसला आणि आठव्या फेरीत लढत जिंकली. परंतु १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सनसारख्या विकाराचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. मात्र वारंवार डोक्यावर बसलेला मार मेंदूला अपाय करतो, याबद्दल आता शंका नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांमधील हा दोष १९२८ मध्येच मांडला होता. हेडगार्डने जखमा कमी होतात. मेंदूचा हादरा मात्र त्याने थांबतोच असे नाही.

म्हणून एक नियम कायमचा लक्षात ठेवा. ठोसा बसल्यावर गरगरले, डोके दुखले, उलटी झाली किंवा काही आठवेनासे झाले, तर त्याच क्षणी ग्लोव्ह्ज उतरवा, शिक्षकांना सांगा, डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पुन्हा रिंगणात उतरू नका. यात भित्रेपणा नाही. लपवण्यात मात्र मोठा धोका आहे. पालकांनाही माझी विनंती आहे : मुलाने आज किती ठोसे मारले, हे विचारू नका, किती चुकवले, हे विचारा.

मित्रहो, पदके एखाद्याच्याच वाट्याला येतात. डोके मात्र प्रत्येकाला आयुष्यभर पुरवायचे आहे. त्याच डोक्याने उद्या परीक्षा द्यायची आहे, संसार करायचा आहे.