जुन्या पीककर्जाची वसुली दारात आली तर



कापूस घरात आला की वसुलीवालेही दारात येतात. 1998 पासून किसान क्रेडिट कार्ड आले. पुढे 2008, 2017 व 2019 च्या कर्जमाफ्या झाल्या. त्यामुळे एखादे जुने खाते माफ झाले, भरले की बाकी आहे, याचा घोळ राहतो. अशा वेळी घाबरून कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नका.

प्रथम आलेल्या माणसाचे ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र पाहा. नंतर शाखेत लेखी अर्ज करून खातेउतारा मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उताऱ्यात मुद्दल, व्याज, भरणा व माफीची रक्कम पडताळा. सातबारावरील बोजाही तपासा.

साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे 3 वर्षे, जमीन गहाण असल्यास 12 वर्षे असते. मुदत संपण्याआधी बाकी लेखी कबूल केली किंवा थोडा भरणा केला, तर ती नव्याने मोजली जाते. म्हणून 'पाचशे तरी द्या' याला हिशेब पाहिल्याशिवाय भुलू नका. पावतीशिवाय तर एक रुपयाही देऊ नका.

सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, धमकी किंवा अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बँकांना बजावले आहे. तसे घडल्यास बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

न्यायालयाची नोटीस मात्र नाकारू नका. तारखेला हजर राहा. खरे देणे फेडावेच, पण हिशेब पाहून.