दख्खनची प्राणिहाडे आणि प्राचीन डीएनए

प्राचीन अवशेषांतील डीएनए वाचून प्राण्यांची वंशपरंपरा लावण्याच्या अभ्यासाला 1984 मध्ये सुरुवात झाली. क्वागा या नामशेष झेब्र्याच्या संग्रहालयातील कातड्यातून त्या वर्षी डीएनएचे तुकडे वाचले गेले. 2021 मध्ये सैबेरियातील मॅमथच्या दहा लाख वर्षांहून जुन्या दातांतूनही डीएनए मिळाला. हे दात गोठलेल्या जमिनीत टिकले होते. अहिल्यानगर जिल्ह्याची जमीन उष्ण आहे आणि येथील नवसंशोधकाच्या कामाचा क्रम त्यावरूनच ठरतो.

जिल्ह्यात अभ्यासविषयांची वाण नाही. संगमनेरजवळचे जोर्वे (उत्खनन 1950-51), नेवासे (1954-56) आणि श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे प्रवरेच्या काठी आहेत. दायमाबादला 1974 मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशी धातुशिल्पे सापडली. शिल्पे प्राण्याचे रूप सांगतात. त्याचे कूळ शोधायचे तर हाडांकडेच वळावे लागते.

मृत्यूनंतर डीएनएचे तुकडे पडत जातात. उष्णता आणि ओलावा ही झीज वाढवतात. तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिनचे युरॅसिल होते. ही खूण उपयोगी पडते, कारण उत्खनकाच्या हातून किंवा प्रयोगशाळेतून शिरलेला ताजा डीएनए तिच्यावरून वेगळा ओळखता येतो. आंतरकर्णाभोवतीच्या घट्ट हाडात डीएनए तुलनेने अधिक टिकतो. तरीही हरियाणातील राखीगढीच्या 61 मानवी नमुन्यांपैकी एकातूनच उपयुक्त जनुकीय माहिती मिळाली. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र उष्ण प्रदेशात यश अशक्य नाही. भारतात सापडलेल्या शहामृगाच्या अंड्यांच्या जीवाश्म कवचांतून मायटोकाँड्रियातील डीएनए मिळाल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे आफ्रिकी शहामृगाशी नाते दिसले. महाराष्ट्रातही जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे अशी कवचे सापडली आहेत. ते उत्खनन करणारे शां. अ. साळी यांनीच पुढे दायमाबाद खणले.

यशाची खात्री नसल्याने डीएनएसाठी हाडाची पूड करणे ही पहिली पायरी नव्हे. आधी हाड कोणत्या थरातले, कोणत्या प्राण्याचे, त्यावर कापल्याच्या वा भाजल्याच्या खुणा आहेत का, याची नोंद व छायाचित्रे घ्यावीत. मग हाडातील कोलॅजन या प्रथिनाची तपासणी करावी. शेळी की मेंढी, हा नेहमीचा पेच तिच्याने बरेचदा सुटतो. कोलॅजन चांगले टिकले असेल तरच मोजक्या नमुन्यांवर डीएनएचा प्रयत्न करावा. प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या अनेक प्रती असल्याने तो मिळण्याची शक्यता अधिक असते. पण त्यातून फक्त मातृवंश कळतो.

तुलनेसाठी जिवंत जनावरे हवीत. अकोले तालुक्याच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात डांगी गोवंश आहे आणि राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. आजच्या डांगीशी दायमाबादच्या गुरांचे नाते होते का, हा प्रश्न दोन्ही टोकांकडून सोडवता येतो. जुन्या हाडांनी दाद दिली नाही, तरी जिवंत वंशाची नोंद वाया जात नाही.

पीएच.डी.चा विषय देताना मार्गदर्शकांनी हे ध्यानात घ्यावे. पदवी केवळ डीएनए मिळण्यावर टांगून ठेवू नये. न मिळालेला डीएनए हाही निष्कर्ष आहे. तो प्रसिद्ध झाला पाहिजे, म्हणजे त्याच थरातील उरलेली हाडे पुढच्या विद्यार्थ्याच्या हातून विनाकारण खर्ची पडणार नाहीत.