ऋतुमानाप्रमाणे घरची सौरवीज

(बऱ्हाणपूर येथे मराठी भाषक नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



प्रारंभीच एका चुकीची कबुली देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू झाली. तीन किलोवॉटच्या घरगुती संचास ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान मिळते, हे सांगत मी गावोगाव फिरलो. भाषणाअखेर माझे एक ठरलेले वाक्य असे : “संच एकदा बसवा आणि निश्चिंत व्हा.” गेल्या पावसाळ्यात एका गृहिणीने मला अडविले. “साहेब, घरात सौरसंच आहे, बॅटरी आहे, आणि जुलैत रात्री आम्ही अंधारात बसलो. निश्चिंत कसे व्हायचे?” त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. आज ते घेऊन आलो आहे.

दसरा आणि पाडवा

बऱ्हाणपूर सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस वसले आहे. त्यामुळे मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे झुकतो व क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर चढतो. उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची तिरपी भिंत त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी कललेली आहे. छपरावर कायम बसविलेले पॅनेलही त्याच न्यायाने सुमारे २० अंशांत दक्षिणाभिमुख ठेवतात.

ज्यांच्या चौकटीचा कल बदलता येतो, त्यांनी दोन सण ध्यानात ठेवावेत. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की पॅनेल सुमारे ३५ अंशांवर उभे करावे. गुढीपाडव्याला ते १० अंशांपर्यंत खाली आणावे. अगदी सपाट मात्र ठेवू नये, कारण मग पावसाने धूळ वाहून जात नाही. ढोबळ हिशेबाने यातून शेकडा चार-पाच वीज अधिक मिळते. तीन किलोवॉटचा संच वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिट देतो, हे लक्षात घेता ही बचत दीड-दोनशे युनिटांची होय. चौकट पक्की असेल तर तेवढ्यासाठी ती खिळखिळी करू नये, आणि कल बदलण्याचे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

ऊन अधिक, वीज कमी

ऊन कडक तितकी वीज अधिक, हा समज बरोबर नाही. पॅनेलचे तापमान २५ अंशांवर गेले की दर अंशामागे शेकडा सुमारे ०.३ ते ०.४ वीज घटते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते, तेव्हा जवळजवळ आठवा हिस्सा असाच जातो. म्हणून पॅनेलखाली वारा खेळू द्यावा. यंत्रमागांच्या वस्तीत काचेवर धुळीबरोबर कापसाचे बारीक तंतूही बसतात. काच भल्या पहाटे साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्यास पाहावी. केळीच्या बागा आडव्या करणारे वादळ छपरालाही सोडत नाही. तत्पूर्वी नटबोल्ट आवळून घ्यावेत.

पावसाळ्याचे उत्तर

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतो. तिच्या इन्व्हर्टरवर उन्हाळ्यातील मांडणी तशीच राहिली होती : बॅटरी केवळ उन्हावर भरावी आणि रात्री जवळजवळ रिकामी होईतो वापरावी. चार दिवस आभाळ भरून राहिले, बॅटरी भरलीच नाही आणि नेमकी त्या रात्री तारेवरची वीज गेली. पावसाळा लागताच बॅटरीतील राखीव साठा वाढवावा आणि तारेवरच्या विजेने ती भरण्याची मुभा द्यावी. दिवाळीनंतर पुन्हा पूर्वीची मांडणी करावी. काम दोन-चार बटणांचे आहे. बसविणाऱ्याकडून ते एकदा शिकून घ्यावे.

ज्यांच्याकडे बॅटरी नाही, त्यांचा नेहमीचा संच वीज गेल्यावर भर उन्हातही बंद पडतो. तो बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छपरावरील विजेचा धक्का बसू नये, म्हणून केलेली ती योजना आहे.

माझे ठरलेले वाक्य मी आता बदलले आहे. संच एकदा बसवा. परंतु पाडवा, मृग आणि दसरा या तीन वेळी त्याची विचारपूस करा. शेतकरी ऋतू पाहून पेरतो. छपरावरच्या पिकालाही तोच नियम लागू आहे.