वसाहतीच्या अटी : सुरत, मुंबई आणि अमेरिका



अमेरिकेतील वसाहतींवर सुरतेत, तेही मराठीतून, व्याख्यान कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मी पेशाने होमिओपॅथ. रुग्ण मूळचा कुठला, इथे केव्हा आणि का आला, हे विचारल्याशिवाय आमचे काम पुढे सरकत नाही. तेच प्रश्न आज काही शहरांना विचारू.

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर यांना इतिहासकार मधल्या वसाहती म्हणतात. उत्तरेस प्युरिटनांचे न्यू इंग्लंड, दक्षिणेस तंबाखूचे मळे आणि मध्ये हा गव्हाचा, बंदरांचा, सरमिसळ वस्तीचा पट्टा. १६०९ मध्ये हेन्री हडसन इथल्या नदीत शिरला, तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. त्याच कंपनीची वखार पुढे आपल्या सुरतेत निघाली. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्रजांनी डचांचे न्यू ॲमस्टरडॅम घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क झाले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. त्याने तो मुलूख आपल्या भावाला दिला. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला सालीना दहा पौंडांवर दिली आणि १६८१ मध्ये विल्यम पेनच्या वडिलांचे देणे फेडण्यासाठी पेनला पेनसिल्व्हेनिया दिला.

राजाच्या सहीने जमीन मिळते, माणसे मिळत नाहीत. व्यापाराला माणसे लागतात आणि ती आपापला देव घेऊन येतात. १६५४ मध्ये ब्राझीलहून काही ज्यू मॅनहॅटनला आले. गव्हर्नर स्टायव्हेसंटला ते नको होते. पण डच वेस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू द्यावे असे बजावले, कारण तिच्या भागधारकांत ज्यूही होते.

आता सुरतेकडे येऊ. १६६९ मध्ये काझीच्या धर्मांतराच्या जाचाला कंटाळून सुमारे ८००० वाणी भीमजी पारेख यांच्या पुढाकाराने सुरत सोडून भडोचला गेले. बाजार ठप्प झाला. त्यांनी आधी इंग्रज वखारीचे प्रमुख जेराल्ड आँजियर यांना मुंबईत आसरा मिळेल का, असे विचारले होते. मोगलांची नाराजी नको म्हणून आँजियर यांनी तूर्त अहमदाबादला जा असे सुचवले. बादशहाकडून अभय मिळाल्यावर लोक वर्षअखेर परतले. पण व्यापारी कशाने जातो आणि कशाने राहतो, हे आँजियर यांनी डोळ्यांनी पाहिले. मुंबईचे गव्हर्नरही तेच होते.

१६७७ मध्ये दीवचे व्यापारी नीमा पारख यांनी मुंबईत येण्यापूर्वी अटी लिहून मागितल्या. आमच्या धर्माचरणात कोणी अडथळा आणू नये, प्रेतदहनाची मोकळीक असावी, कोणावर ख्रिस्ती होण्याची सक्ती नसावी, आमच्या आवारात कोणी जीवहत्या करू नये. जैन घरात वाढलेला मी या शेवटच्या अटीपाशी थांबतो. नुसत्या तोंडी आश्वासनावर तो व्यापारी घर हलवायला तयार नव्हता.

पाच वर्षांनी, १६८२ मध्ये, पेनने आपल्या वसाहतीची राज्यव्यवस्था लिहून काढली. एक देव मानणाऱ्या कोणालाही श्रद्धेसाठी छळले जाणार नाही, हे त्यात आले. पेन क्वेकर होता, त्या पंथापायी तुरुंग भोगलेला. क्वेकर आले, जर्मन आले, पुढे आयरिश-स्कॉटिशही आले.

पण अटी कोणाशी झाल्या, हेही पाहिले पाहिजे. पेनने लेनापे लोकांकडून जमीन करार करून विकत घेतली. त्याच्या मुलांनी १७३७ मध्ये एका जुन्या कागदावर बोट ठेवून, माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन आमची, असा दावा केला. आधी वाट साफ करून घेतली आणि चपळ माणसे अक्षरशः धावत पाठवली. लेनापेंची भूमी गेली. पेनच्या घरी गुलामही होते. सहिष्णुतेच्या कागदावर त्यांचे नाव कुठेच नव्हते.

तरी याच वसाहतीत १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध निषेधपत्र लिहिले. स्वतः परक्या देशातून आलेली ही माणसे. आम्ही इथे मोकळेपणासाठी आलो, मग या काळ्या माणसांना तो का नाही, असा त्यांचा सवाल होता. क्वेकर सभांनी तो कागद बाजूला ठेवला. आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई करायला फिलाडेल्फियाच्या क्वेकरांना १७७६ उजाडले.

मला नीमा पारखांइतकेच हे चार जण महत्त्वाचे वाटतात. पारखांनी स्वतःसाठी अटी लिहून घेतल्या, हे शहाणपण. या चौघांनी ज्याला कागदावर जागाच नव्हती, त्याच्यासाठी लिहिले.

आपले आजचे सुरत बाहेरून आलेल्यांच्या कष्टावर चालते. उधना-लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली मराठी घरे आहेत. यंत्रमागावर ओडिशाच्या गंजामहून आलेले कामगार उभे आहेत. आपल्यापैकी अनेकांनी इथे शाळा, मंडळे, गणेशोत्सव उभे केले, म्हणजे आपल्या अटी मिळवल्या. गंजामचा कामगार आठ-दहा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपतो. त्याच्या भाड्याची, पगाराची, आजारपणाची अट कुठे लिहिलेली असते? आपण आता या गावात जुने झालो आहोत. त्याच्या वतीने दोन ओळी लिहिण्याची पाळी आपली आहे, आणि त्यासाठी अठ्ठ्याऐंशी वर्षे थांबू नये, एवढेच सांगतो.