काटा निघाला, नोंद झाली काय?
(ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासाठी आरोग्यविषयक भाषण)



पेडणे तालुक्यातील इब्रामपूर हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे, शेती-बागायतीवर जगणारे गाव. काजूच्या बागेतील रान साफ करताना पायात काटा मोडतो, बांबू तोडताना हातात कूस शिरते, गवत कापण्याच्या यंत्राने उडविलेला खडा डोळ्यात जातो, जेवताना माशाचे हाड घशात अडकते आणि लहान मूल खेळता खेळता चिंचोका नाकात घालते. अशा प्रकारे शरीरात शिरलेल्या पदार्थास वैद्यकशास्त्रात बाह्य वस्तू असे म्हणतात. ती काढण्याचे काम बहुधा काही मिनिटांचे असते. परंतु त्या काही मिनिटांची कागदावर कशी नोंद होते, यावर पुढे बिलाची रक्कम, विम्याचा दावा आणि प्रसंगी रुग्णाचा पुढील उपचार अवलंबून असतो. म्हणून या विषयाचा विचार ग्रामस्थांनीही करणे अगत्याचे आहे.

रोगांना व इजांना ठराविक संकेतांक देण्याची पद्धत जुनी आहे. १८९३ साली झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण मांडले. १९४८ पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीत डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पटलात रुतलेल्या कणास टी १५.०, कानातील वस्तूस टी १६ आणि नाकपुडीतील वस्तूस टी १७.१ असे संकेतांक आहेत. पायाच्या बाबतीत मात्र भेद सूक्ष्म आहे. कातडीत वरवर रुतलेली कूस ही वरवरची इजा म्हणून एस ९० या गटात जाते; तोच तुकडा खोल घुसून जखम झाली असेल तर ती एस ९१ या गटात जाते. जुनाच तुकडा मांसात राहून गेला असेल तर एम ७९.५ हा वेगळा संकेतांक आहे. म्हणजे काटा तोच, पाय तोच. पण तो किती खोल होता हे वैद्याने लिहिले नसेल तर संकेतांक देणाऱ्यास अंदाजानेच काम करावे लागते.

संकेतांकांचा दुसरा प्रकार उपचारांचा होय. अमेरिकेत तेथील वैद्यकीय संघटनेने १९६६ साली अशी सूची प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यात कातडीखालील बाह्य वस्तू छेद घेऊन काढण्यास १०१२० आणि तेच काम गुंतागुंतीचे असल्यास १०१२१ असे क्रमांक आहेत. पायासाठी तर वरवरचे, खोल आणि गुंतागुंतीचे असे तीन निरनिराळे क्रमांक आहेत. यातील मर्म असे की, १०१२० हा क्रमांक छेद घेतला असेल तरच लावता येतो. नुसत्या चिमट्याने कूस उपटली असेल तर ती शस्त्रक्रिया ठरत नाही. ती तपासणीचाच भाग समजली जाते. आपल्याकडे विमा व शासकीय योजनांचे व्यवहार त्या सूचीवर नव्हे, तर योजनेने ठरविलेल्या उपचारांच्या यादीवर चालतात. तथापि जे केले आणि जे लिहिले तेवढ्याचेच बिल, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

गोवा शासनाने २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली. तीन किंवा त्याहून कमी सदस्यांच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख रुपयांपर्यंत आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबास चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याची तरतूद तीत करण्यात आली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. इब्रामपूरसारख्या गावात लेकी-सुनांची ये-जा दोन्ही राज्यांत असल्याने कोणाचे कार्ड कोणत्या योजनेचे आहे, हे रुग्णालयात जाण्यापूर्वीच पाहून ठेवावे. अशा योजनांत संरक्षणाची वार्षिक मर्यादा संपूर्ण कुटुंबाची असते. चिमट्याने काढलेल्या काट्याची नोंद मोठ्या शस्त्रक्रियेखाली झाली तर ती रक्कम त्याच मर्यादेतून वजा होते. त्याच घरातील वडिलांना त्याच वर्षी मोठ्या उपचाराची गरज पडली, तर त्या खोट्या नोंदीचा भार त्यांच्यावर पडतो. वाढीव बिलावर विश्वासाने अंगठा देणारा मनुष्य आपल्याच घरचे धान्य दुसऱ्याच्या कणगीत ओतत असतो.

याच्या उलटही घडते. खाजगी विम्याच्या सर्वसाधारण नियमानुसार रुग्ण किमान २४ तास रुग्णालयात दाखल असावा लागतो. यास अपवाद डे-केअर उपचारांचा. त्यांत सार्वदेहिक किंवा स्थानिक भूल देऊन २४ तासांच्या आत होणारे काही उपचार मोडतात. बाह्यरुग्ण विभागातील साधी तपासणी त्यात येत नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या तळपायातील खोल गेलेला तुकडा भूल देऊन, छेद घेऊन काढला. पण कागदावर केवळ “काटा काढला, मलमपट्टी केली” एवढेच लिहिले गेले, तर खरा दावाही नाकारला जाण्याचा संभव असतो. तेथे अपुरी नोंद रुग्णाचेच नुकसान करते.

यास्तव उपचारानंतर मिळणाऱ्या कागदावर पुढील गोष्टी आहेत काय, हे पाहावे. वस्तू कोणती होती. शरीराच्या कोणत्या भागात, उजव्या की डाव्या बाजूस होती. किती खोल होती. छेद घेतला काय. भूल दिली काय. वस्तू पूर्ण निघाली काय. टाके घातले काय आणि धनुर्वाताची लस दिली काय. क्ष-किरण चित्र काढले असल्यास त्याचा उल्लेख असावा. धातू व बहुतेक काच या चित्रात दिसते. लाकूड किंवा काटा मात्र सहसा दिसत नाही आणि त्यासाठी सोनोग्राफीचा उपयोग होतो. म्हणून “चित्रात काही दिसले नाही” याचा अर्थ “आत काही राहिले नाही” असा नव्हे. पुढे महिन्याने पाय सुजला तर हीच नोंद नव्या वैद्यास वाट दाखविते.

शिक्षकांचे कार्यही येथे मोलाचे आहे. शाळेत मुलाने नाकात वा कानात काही घातल्यास ते काय होते आणि किती वाजता घातले, हे चिठ्ठीवर लिहून पालकांबरोबर द्यावे. घड्याळातील किंवा खेळण्यातील चपटी बॅटरी नाकात गेली किंवा गिळली गेली असेल तर क्षणाचाही विलंब नको; अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांच्या आत आतील भाग जाळू लागते. कासारवर्णे येथील प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, कोठेही गेले तरी ती चिठ्ठी उपयोगी पडते.

दाखल झालेल्या रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत नमूद आहे. ही मागणी म्हणजे वैद्यावरील अविश्वास नव्हे. प्रामाणिक वैद्यासही पूर्ण नोंद हाच आधार असतो. विम्याचा दावा अकारण नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. तेथेही बाजू मांडतात ते कागदच.

बिलावर सही करण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलाकडून ते वाचून घ्यावे, न समजलेला शब्द विचारावा आणि प्रत जपून ठेवावी. पायातील काटा वैद्य काढील. कागदावरील खोट ज्याची त्यानेच वेळीच पाहावयाची असते.