कल्पिता आणि अकल्पिता

रात्री दिवा मालवून अंथरुणावर स्वस्थ पडावे, सर्व गात्रे सैल सोडावीत, आपण छताशी अधांतरी तरंगत असून खाली आपलाच देह निजलेला आहे असे चित्र डोळ्यांपुढे आणावे, आणि ते इतके दृढ करावे की कल्पना कोठे संपली व अनुभव कोठे सुरू झाला याचा ठाव लागू नये, अशा रीतीने देहाबाहेर भ्रमण करण्याची विद्या शिकवू पाहणाऱ्यांची आज वाण नाही. या विद्येस इंग्रजी आमदानीत ‘अॅस्ट्रल’ हे नाव लाभले, आणि आपल्या इलाख्यात ते आणणारी मंडळी ठाऊक आहेत. मादाम ब्लाव्हाट्‌स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचे ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक तेथून निघू लागले, आणि १८८२ च्या अखेरीस त्यांचे बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हलले तोवर लिंगदेह, सूक्ष्मदेह वगैरे आपल्याच जुन्या शब्दांना नवा विलायती पोशाख चढला होता.

देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. रामप्रसाद नावाच्या एका भारतीय लेखकाने १८९० मध्ये स्वरशास्त्रावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील पंचतत्त्वांची चिन्हे, म्हणजे पृथ्वीचा पिवळा चौकोन, जलाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा तांबडा त्रिकोण, वायूचे निळे वर्तुळ आणि आकाशाचा काळसर अंडाकार, लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढमंडळाने उचलली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात कवी येट्सही सभासद होता. चिन्ह रंगवलेल्या पत्त्याकडे टक लावून पाहावे, मग डोळे मिटून त्याची आकृती मनात वाढवत वाढवत दरवाजाएवढी करावी आणि त्या दरवाजातून आत पाऊल टाकावे, असा त्यांचा परिपाठ होता. आपल्याकडे ज्यांवरून श्वासात कोणते तत्त्व वाहते आहे हे ओळखावयाचे, त्या चिन्हांना तिकडे परलोकाच्या फाटकाची नोकरी मिळाली!

परंतु कल्पनेच्या आधाराने देहाबाहेर जाण्याचा विचार आपल्याकडे याहून पुष्कळ जुना, आणि माझ्या मते पुष्कळ प्रामाणिक आहे. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात महाविदेहा नामक धारणेचे सूत्र आहे, आणि त्यावरील व्यासभाष्य तिच्या दोन पायऱ्या सांगते. मन शरीरातच ठाण मांडून असता केवळ त्याची वृत्ती बाहेर धाडली जाते, ती धारणा कल्पिता. आणि शरीराची अपेक्षाच न ठेवता मन बाहेर वावरू लागते, ती अकल्पिता. पहिलीच्या अभ्यासाने दुसरी साधते, आणि तिच्या बळावर योगी परशरीरात प्रवेश करतात, असे भाष्यकार म्हणतो. ही सिद्धी खरी की खोटी हा प्रश्न घटकाभर दूर ठेवला, तरी साधकाने आपल्या मनाशी जी रचना सुरुवातीस उभी करावयाची तिला शास्त्रकाराने आडपडदा न ठेवता ‘कल्पित’ म्हटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्याच रात्रीच्या तरंगण्याला ‘प्रत्यक्ष प्रवास’ म्हणवून घेण्याची घाई त्या भाष्यात नाही.

परकायाप्रवेशाची सर्वांत प्रसिद्ध मराठी कथा आपल्याच मुलखात वावरलेल्या महापुरुषाची आहे. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मृत्यू पावला, त्याचा देह स्मशानात नेला असता द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह ठेवून त्यात प्रवेश केला, आणि तोच उठून बसलेला देह पुढे चक्रधर म्हणून विख्यात झाला, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. चक्रधरांच्या लीळा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केल्या, आणि त्या लीळांतून पैठण व वेरूळ ही स्थळे वारंवार येतात. श्रद्धेचा विषय म्हणून परकायाप्रवेशाच्या या कथेचा मान राखावा. मात्र अभ्यासाची कृती तिच्यातून मिळत नाही, कारण तेथे घडते ते अवताराचे कार्य आहे, साधकाची तालीम नव्हे.

तालमीचा माग काढावयाचा तर वेरूळच्या बाराव्या लेण्यात, म्हणजे लोक ज्याला तीन ताल म्हणतात त्या तीन मजली विहारात जावे लागेल. आठव्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या या लेण्यात भिंतीवर एक चौकट कोरलेली आहे. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन घरे. मधल्या घरात बुद्ध, आणि भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. दुरून सगळ्या मूर्ती एकाच साच्यातल्या वाटतात, आणि अनेक प्रवासी तशा समजुतीनेच पुढे सरकतात; परंतु जवळ जाऊन निरखले म्हणजे एकाच्या कमळावर पोथी दिसते आणि तो मंजुश्री ठरतो, दुसऱ्याच्या कमळावर वज्र दिसते आणि तो वज्रपाणी ठरतो, तिसऱ्याच्या मुकुटात इवलासा स्तूप दिसतो आणि तो मैत्रेय ठरतो. हे मंडल आहे, आणि या लेण्यांच्या रचनेत मंडलाची कल्पना कशी उलगडत गेली यावर जेरी मलँड्रा या विदुषीने १९९३ मध्ये एक सबंध ग्रंथ लिहिला आहे.

बौद्धांच्या वज्रयान पंथातील साधना अशा मंडलाशी कशी निगडित असते हे त्या संप्रदायाच्या साधनग्रंथांवरून कळते. साधकाने प्रथम सर्व शून्य आहे असे चिंतावे, त्या शून्यात बीजाक्षर पाहावे, बीजाक्षरातून देवता उभी करावी, तिचा वर्ण, आसन, हातातील आयुध एकेक करून भरावे, भोवतीचा परिवार बसवावा, आणि अखेरीस आपणच ती देवता आहोत अशी भावना करावी. यापुढची पायरी आजचे वर्ग बहुधा विसरतात, ती अशी की एवढ्या कष्टाने उभारलेले सर्व मंडल साधकाने पुन्हा क्रमाक्रमाने शून्यात विरवून टाकावयाचे असते. उभारणी आणि विसर्जन या दोहोंचा मिळून एक अभ्यास होतो. ज्याला चित्र उभे करता येते पण मोडता येत नाही, त्याच्या ताब्यात चित्र नसून चित्राच्या ताब्यात तो आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. तरंगण्याचे चित्र ‘पाहण्याचा’ खटाटोप करून बहुतेकांच्या पदरी निराशाच पडते, आणि याचे कारण आधुनिक संशोधनात थोडेसे हाती लागते. कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये एका विद्यार्थिनीचा अहवाल प्रसिद्ध केला, जिला लहानपणापासून निजण्यापूर्वी देहाबाहेर तरंगण्याचा अनुभव मनात येईल तेव्हा घेता येत असे, आणि जिची समजूत अशी होती की हे सर्वांनाच येते. तिच्या मेंदूचे चित्रण केले असता दृष्टीशी संबंधित भाग मंदावलेले, आणि शरीराच्या हालचालीच्या कल्पनेशी संबंधित भाग जागे झालेले आढळले. त्या मुलीला आपण खरोखर हललेलो नाही याचेही भान होते.

म्हणून डोळ्यांपेक्षा अंगाला कामास लावावे. त्याकरिता आपल्या छत्रपती संभाजीनगरकरांना दौलताबादच्या अंधारीसारखे साधन नाही. किल्ल्याच्या पोटातून खोदलेला तो चढता, वळणावळणाचा भुयारी मार्ग ज्यांनी एकदा चालून पाहिला असेल, त्यांनी डोळे मिटून तो पुन्हा चढावा. तेथे पाहण्यासारखे काहीच नाही, हाच त्याचा गुण. तळहाताला लागणारा ओला, खडबडीत कातळ, उंचीला मेळ नसलेल्या पायऱ्यांवर चाचपडणारे पाऊल, वटवाघळांचा उग्र दर्प, पुढच्या माणसाच्या आवाजावरून ओळखावयाचे वळण. यांतील एकेक गोष्ट आठवून अंगात उतरवावी, आणि मन भरकटले की जेथून सुटले त्याच पायरीवर परत यावे. याच देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या दप्तरात एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथांनी रात्र जागून काढल्याची आख्यायिका आपण शाळेत ऐकली आहे. हिशेबाला लागते तेवढेच अवधान येथे लागते, अधिक काही गूढ लागत नाही. शरीर झोपेच्या उंबरठ्यावर गेले आणि हे अवधान टिकले, तर हलके वाटणे, घसरल्यासारखे वाटणे, कानांत गुंजन होणे, क्वचित आपण देहापासून वेगळे झालो असे वाटणे, हे घडू शकते.

ते का घडते, याविषयीही काही दाखले आता उपलब्ध आहेत. २००२ मध्ये ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडमध्ये एका अपस्माराच्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूची शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी करीत होते. मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाला सौम्य विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा तिला प्रथम बिछान्यात रुतल्यासारखे वाटले. प्रवाह वाढवताच आपण वरून स्वतःला पाहत आहोत असे ती सांगू लागली, पण तिला दिसले ते फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. आत्मा बाहेर पडून पाहत असता तर त्याने मुख का वगळावे, असा प्रश्न मनात येतोच. दृष्टी, स्पर्श आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा या तिघांच्या खबरी जुळवून ‘मी येथे आहे’ असा निर्णय मेंदू क्षणोक्षणी देत असतो, आणि खबरी जुळल्या नाहीत तर तो निर्णय चुकतो, असे या शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. झोपेतून अर्धवट जाग येऊन हातपाय हलेनासे होतात आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, ज्याचे खापर आपल्याकडे मुंज्यावर फोडले जाते, तो प्रकारही स्वप्नावस्थेतील स्नायूंची शिथिलता जागेपणी रेंगाळल्याने होतो. या अभ्यासात तो अनेकांच्या वाट्यास येतो. अशा वेळी न घाबरता बोटाचे टोक हलवण्याचा यत्न करावा. ज्यांना अपस्मार आहे किंवा ज्यांच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

कल्पितेपुरता मामला असा सरळ आहे; अनुभव खरा, आणि तो सवयीने साधण्याजोगा. अकल्पितेचा दावा करणाऱ्याने मात्र बाहेरचा असा पुरावा रुजू करावयास हवा, जो अंथरुणावर पडून मिळणे शक्य नव्हते. डॉक्टर सॅम पार्निया यांनी नेमकी हीच तजवीज केली होती. त्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पंधरा रुग्णालये सामील होती. हृदयक्रिया बंद पडलेले रुग्ण जेथे आणले जात तेथे छताजवळ फळ्या बसवून, केवळ वरून पाहणाऱ्यालाच दिसतील अशी चित्रे त्यांवर ठेवली होती. दोन हजारांहून अधिक प्रसंगांची नोंद झाली. त्या अवस्थेत आपण काही पाहिले-ऐकले असे स्पष्टपणे सांगणारे रुग्ण निघाले अवघे दोन, आणि त्या दोघांचेही हृदय ज्या खोल्यांत बंद पडले होते, तेथे फळी बसवलेली नव्हती. फळ्यांवरचे चित्र पाहिल्याचा एकही जबाब त्या पाहणीच्या दप्तरी दाखल नाही.