रान हाही वर्गच आहे

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



तुमच्या केंद्रांवर बाया येतात त्या मारहाण, पोटगी, रेशन असे प्रश्न घेऊन. तिथे जंगलाचा अभ्यास करणाऱ्या मुलींचं काय, असं कुणालाही वाटेल. पण आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे, कारण त्यांना तुमच्या अनुभवाची गरज आहे.

मी संवर्धन जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आज तोच विषय शिकवते. विषय तसा तरुण. १९८५ साली मायकेल सूले या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याची नीट मांडणी केली. शरीरशास्त्राशी शस्त्रक्रियेचं जे नातं, तेच जीवशास्त्राशी या विषयाचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सगळी माहिती हाती येईपर्यंत थांबता येत नाही. आपल्याकडे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र अशा ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मिळतं.

शिकायचं काय? एखाद्या जातीचे प्राणी फार थोडे उरले की नात्यातल्या नात्यात संकर होऊन पुढची पिढी दुबळी का होते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, तर फोटोंवरून वाघ ओळखून, तेच वाघ पुन्हा किती वेळा दिसले यावरून एकूण संख्येचा अंदाज कसा बांधायचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा काय सांगतो. पण हे सारं पुस्तकात भागत नाही. प्रबंधासाठी काही महिने रानात राहावं लागतं, आणि मुलींची वाट अडते ती इथे.

आमच्या वेळी एका मार्गदर्शकांनी वर्गातल्या मुलींना सांगितलं, "तुम्ही प्रयोगशाळेतले विषय घ्या. तुमची जबाबदारी कोण घेणार?" मुलग्यांना हा प्रश्न कुणी केला नाही. दिसायला ही काळजी, पण तिच्यामुळे रानातला अनुभव आणि पुढच्या नोकऱ्या मुलग्यांकडे जातात. हट्टाने जाणाऱ्या मुलीला चौकीवर संडास मिळेलच असं नाही. पहाटे निघून मैलोनमैल चालायचं. पाळी आली तर आडोसा नाही, म्हणून मुली पाणीच कमी पितात. रात्री दाराला कडी आहे का, हेही पाहावं लागतं.

घरचे लोक वाघाला घाबरतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या तक्रारी मात्र माणसांच्या असतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाहेर जाऊन संशोधन करणाऱ्या ६६६ जणांना विचारलं गेलं. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ६४ टक्के लोकांनी लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून, तोच त्रास देत असेल तर मुलीने जायचं कुणाकडे?

कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. भंवरीदेवी साथिन होत्या, गावात फिरून काम करत होत्या. त्यांच्यावरच्या अत्याचारानंतरच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, मग २०१३ चा कायदा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत तर अभ्याससहली आणि क्षेत्रभेटीही शिक्षणसंस्थेच्या आवारातच धरल्या आहेत. म्हणजे रान हाही वर्गच. पण तक्रार ३ महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. पाच महिने रानात असलेल्या मुलीला हे जाण्याआधीच माहीत असायला हवं.

या मुली मागे राहिल्या तर नुकसान त्यांच्यापुरतं नाही. जे. विजया या तरुणीने १९८२ साली केरळच्या जंगलात एक कासव पुन्हा शोधलं. सुमारे सत्तर वर्षं ते शास्त्रज्ञांना दिसलं नव्हतं. तिथल्या कादर आदिवासींना मात्र ते ठाऊक होतं, आणि त्यांच्याच मदतीने ते सापडलं. १९८७ मध्ये विजया गेली. २००६ साली त्या कासवाच्या प्रजातीला तिचं नाव मिळालं. आसामात पूर्णिमादेवी बर्मन यांनी पीएच.डी. लांबणीवर टाकून हरगिला करकोचा वाचवायला घेतला, तो गावातल्या बायांना बरोबर घेऊन. अशुभ मानलेला हा पक्षी त्या बाया आज मागावर विणतात. सरपण आणणारी बाई आमच्या अहवालांत बहुतेकदा जंगलावरचा 'दाब' म्हणून येते. तिला जाणकार म्हणून विचारायचं, तर तिच्या चुलीपाशी बसणारी अभ्यासकही हवी.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात जा. अंतर्गत समितीत बाहेरची सदस्य कोण आहे, ते विचारा. रानात जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाती त्या समितीचा फोन नंबर लेखी आहे का, तेही विचारा. राहण्याची जागा कुणी पाहून आलं का? आणि "मुलींनी जाऊ नये" असं उत्तर आलं, तर ते मान्य करू नका. बंदी घालणं म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे आपण घरात, रस्त्यावर आणि कारखान्यात बोलत आलो आहोत. आता ते रानाबद्दलही बोलू या.